मदत हवी आहे: डायक्लोफेनॅक कार्बनवर बसलंय की पीएच ३ ला नुसतंच तळाशी बसलंय?

नमस्कार मंडळी, एम.एस्सी.चं प्रोजेक्ट आहे, करवंटीपासून केलेल्या ॲक्टिव्हेटेड कार्बननं पाण्यातलं डायक्लोफेनॅक (वेदनाशामक औषध) काढायचं, प्रयोग संपले म्हणून थिसिस लिहायला घेतला आणि आता माझ्याच आकड्यांवरचा विश्वास उडालाय.

आधी काय केलंय ते सांगते. १०० मिली डिस्टिल्ड वॉटर, त्यात लिटरला २० मिलिग्रॅम या हिशोबानं डायक्लोफेनॅकचं सोडियम सॉल्ट, ५० मिलिग्रॅम कार्बन, २४ तास शेकरवर, मग ०.४५ मायक्रॉनच्या नायलॉन फिल्टरमधून गाळायचं आणि यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २७६ नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं (किती प्रकाश शोषला जातो त्यावरून औषधाचं प्रमाण कळतं). पीएच ७ ला ७१ टक्के औषध गेलं, पीएच ३ ला तब्बल ९८ टक्के, म्हणजे ग्रॅमला ३९ मिलिग्रॅम. थिसिसमध्ये हाच आकडा पुढे करायचा असं ठरलं होतं.

गेल्या आठवड्यात सहज म्हणून कार्बन न घालता तसाच एक फ्लास्क पीएच ३ ला ठेवला. सकाळी ट्यूबलाइटखाली धरून हलवला तर तळातून बारीक पांढरा चुरा भोवऱ्यासारखा वर आला. गाळून रीडिंग घेतलं तर लिटरला फक्त ६ मिलिग्रॅम शिल्लक! कार्बनचा कणही नव्हता तरी ७० टक्के गायब. कार्बन घातलेल्या फ्लास्कात सगळं काळंच असतं त्यामुळे हा चुरा इतके दिवस दिसलाच नाही. मग वाचलं की याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मं औषध ॲसिड रूपात असतं) ४.१५ च्या आसपास आहे, त्याच्या खाली ते ॲसिड रूपात जातं आणि ते रूप लिटरला जेमतेम दोन-तीन मिलिग्रॅम विरघळतं. त्यावरून हिशोब केला तर पीएच ५ लाही विद्राव्यता २० च्या जवळपासच येते, म्हणजे तेही काठावरच, ६ च्या पुढे मात्र काळजी नाही. पीएच ७ चा कार्बनशिवायचा फ्लास्क लिटरला १९.६ मिलिग्रॅम दाखवतोय, म्हणजे ७१ टक्के बऱ्यापैकी खरे धरावेत ना?

माझ्या कार्बनचा पॉइंट ऑफ झिरो चार्ज (ज्या पीएचला पृष्ठभागावरचा निव्वळ भार शून्य असतो) ६.४ आला. त्याच्या खाली कार्बन धन आणि औषध ४.१५ च्या वर ऋण, म्हणजे खरं आकर्षण बघायचं तर मधलाच पट्टा हवा. म्हणून विचार आहे की सुरुवातीचं प्रमाण लिटरला ५ मिलिग्रॅमवर आणून ५ ते ८ एवढ्याच पीएचला सगळं परत करावं. एवढं पुरेल का? आणि नायलॉन फिल्टरच थोडं औषध धरून ठेवतो म्हणतात, तर सरळ सेंट्रिफ्यूज करू का? पण मग कार्बनची बारीक धूळ वर तरंगत राहून रीडिंग वाढवेल अशी भीती वाटते.

दुसरी अडचण प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची. त्यातले सेंद्रिय पदार्थ २७६ ला स्वतःच रीडिंग देतात. मी सरळ ते आधीचं रीडिंग वजा केलं, पण कार्बन तेही पदार्थ शोषतो, म्हणजे वजा करायचा आकडाच प्रत्येक वेळी बदलणार. औषध न घातलेलं तेच पाणी तेवढ्याच कार्बनबरोबर शेजारी ठेवून ते वजा केलं तर चालेल, की इथे एचपीएलसीशिवाय (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) गत्यंतर नाही? आमच्याकडे ते मशीन नाही, बाहेरून मोजके सॅम्पल करून घेता येतील, म्हणून नेमके कुठले द्यावेत तेही सांगा. हा भाग मला सोडायचा नाहीये कारण औषध खरं असतं ते अशाच पाण्यात, डिस्टिल्ड वॉटरमध्ये कोण सोडतंय. स्वित्झर्लंडमध्ये २०१६ पासून निवडक सांडपाणी केंद्रांना असे सूक्ष्म प्रदूषक ८० टक्के काढणं बंधनकारक आहे आणि तिथे ओझोन किंवा ॲक्टिव्हेटेड कार्बनच वापरतात.

शेवटचं, स्यूडो सेकंड ऑर्डर या शोषणाच्या वेगाच्या मॉडेलचा आर स्क्वेअर ०.९९९ आला म्हणून केमिसॉर्प्शन (रासायनिक बंधानं चिकटणं) लिही असं सर म्हणतात. पण इथेनॉलनं धुतल्यावर ८० टक्के औषध परत येतंय, मग रासायनिक बंध कसला? शिवाय वेळ भागिले क्यू (ग्रॅमभर कार्बननं धरलेलं औषध) विरुद्ध वेळ असा आलेख समतोलाजवळचे पॉइंट जास्त असले की जवळजवळ सरळच येतो. सरांना हे नीट पटवून द्यायचंय, उद्धट न वाटता. कोणी याच वाटेनं गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, पीएच ३ चा सगळा डेटा काढून टाकायची माझी तयारी आहे.