मदत हवी आहे: १९९२ च्या लोकसभा चर्चेतलं सोलापूरच्या खासदारांचं भाषण कसं शोधू?

सोलापूरच्या नागरी कारभारावर लेख लिहितोय. त्यासाठी ७४ व्या घटनादुरुस्तीच्या (नगरपालिकांना घटनात्मक दर्जा देणारी) चर्चेत आपले तेव्हाचे खासदार धर्मण्णा सादूल काही बोलले होते का, हे तपासायचंय. लोकसभेने ते विधेयक २२ डिसेंबर १९९२ ला मंजूर केलं. अयोध्येनंतरचे दिवस होते ते, त्यामुळे नगरपालिकांवर चर्चा कितपत झाली असेल कोण जाणे.

संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात नाव टाकून पाहिलं. इंग्रजीत आडनावाचं स्पेलिंग बदलून, देवनागरीतही. जुने खंड स्कॅन केलेले, त्यामुळे मजकुरात शोध नीट लागत नाही आणि अख्खा खंड चाळणं जिवावर येतं. वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत, पण ती नकोत; मूळ कार्यवाहीच हवी. दिल्लीला जाणं जमणार नाही, पुणे-मुंबईपर्यंत येईन.

चर्चेत बोलले नसतील तरी चालेल. त्या लोकसभेत (१९९१-९६) नियम ३७७ खाली (सदस्याला सार्वजनिक महत्त्वाचा विषय सभागृहात मांडू देणारा नियम) किंवा शून्य प्रहरात उजनीचं पाणी, झोपडपट्ट्या, महापालिकेचा निधी असं काही मांडलं असेल तर तेही उपयोगी. लेखी प्रश्नोत्तरं मात्र नकोत, ती वेगळी काढतोय.

तर, त्या काळच्या खंडांना सदस्यांच्या नावानुसार सूची असते का, आणि ती पुण्या-मुंबईत कुठे बघायला मिळेल? शिवाय भाषण हिंदीत झालं असेल तर संदर्भ देताना मूळ आवृत्तीचा स्तंभ क्रमांक द्यायचा की इंग्रजी आवृत्तीचा?