'शेतउंदीर' म्हणजे नक्की कोण?

प्रश्न : एका माहितीपुस्तिकेचं भाषांतर करतेय. 'लिटल इंडियन फील्ड माउस'ला मी 'शेतउंदीर' लिहिलं. संपादक म्हणतात, शेतात काय एकच उंदीर असतो? मग काय लिहू?

प्रतिसाद : संपादकांचं बरोबर आहे. इंग्रजीत माउस निराळा, रॅट निराळा. आपल्याकडे संस्कृत 'उंदुर'वरून आलेला एकच उंदीर, आणि फारच दांडगा असेल तर घूस. ज्याच्या नावाने शेतकरी बोटं मोडतो तो बहुतेकदा या घुशीच्याच गोतावळ्यातला. 'शेतउंदीर' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे तोच येणार.

तुमचा प्राणी अगदीच पिटुकला. डोकं-धड मिळून जेमतेम सहा सेंटिमीटर, शेपूट साधारण तेवढीच. वजन दहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहात घालतो तशी दोन चमचे साखर. पाठ तपकिरी, पोट पांढरं. आमच्याकडे बांध नीट करताना एकदा एक बाहेर पडला होता. आधी टोळच वाटला. उलटा होऊन धडपडला तेव्हा ते पांढरं पोट दिसलं. घरातल्या उंदराचं पोट सहसा इतकं स्वच्छ नसतं आणि शेपूट अंगापेक्षा लांब असते.

शास्त्रीय नाव मुस बूडुगा. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ग्रे यांनी १८३७ मध्ये दिलं, तेही त्या काळी 'दक्षिण मराठा मुलूख' म्हणत त्या धारवाडकडच्या भागातल्या नमुन्यावरून. तेलुगूत 'बुडुगु' म्हणजे चिमुरडा. मला तरी हे नाव तिकडचंच वाटतं.

दुसरा प्रतिसाद : तेलुगूवरून आठवलं, घुशीचं इंग्रजी नाव 'बँडिकूट'ही तेलुगूच. पंदिकोक्कु, म्हणजे डुक्करउंदीर. आणि कृपा करून चिचुंद्रीला यात ओढू नका, ती उंदीरच नव्हे. किडे खाणारी.

पहिलाच पुन्हा : बूडुगाचा एक भाऊबंद आहे, मुस प्लॅटिथ्रिक्स. ग्रीकमध्ये 'चपट्या केसांचा'. अंगावर चपटे, टोचरे केस असतात. बेनेट या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञांनी १८३२ मध्ये त्याचं वर्णन केलं, नमुना दख्खनचा. हा बिळाशी बारीक खडे गोळा करून ठेवतो. त्याला 'काटेरी उंदीर' बिनदिक्कत लिहा. तुमच्यासाठी 'पिटुकला शेतउंदीर' सुचवतो. विशेषण गाळू नका, सगळा फरक त्यातच आहे.

प्रश्नकर्ती : 'पिटुकला' पाठवलं. संपादकांनी 'लघु' केलं.

दुसरा प्रतिसाद : अरे देवा. लघुउंदीर!