ट्रॅकवर जोरात ब्रेक दाबला की पुढचा फोर्क थरथरतो

प्रश्न (कोल्हापूर):
कोइम्बतूरच्या करी ट्रॅकवर सरळ पट्टा संपताना जोरात ब्रेक दाबला की हँडल थरथरतं. रस्त्यावर काही जाणवत नाही. बाइक 300 सीसी, साधा टेलिस्कोपिक फोर्क (पुढचं चाक धरणारे, नळीत नळी सरकणारे दोन शॉकअब्सॉर्बर), फोर्कचं तेल नुकतंच बदलून घेतलंय. डिस्क वाकडी असेल का? नवी मागवू?

पुण्याहून:
दादा, डिस्कची घाई नको. ताशी 100 वेगाला 17 इंची चाक सेकंदाला साधारण 15 फेरे घेतं. दोष डिस्कचा असेल तर वेग उतरतो तसे ठोकेही मंदावतात, आणि लिव्हरवर बोटांना ते कळतात. थरथर एकाच तालात राहिली तर फोर्क किंवा टायर बघा. फोर्कच्या नळीला झिप टाय (प्लॅस्टिकची बांधायची पट्टी) बांधून एक राउंड मारा, फोर्क तळाला टेकतोय का ते कळेल.

नाशिकहून:
कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) तपासा. पुढचं चाक उचलून फोर्कचे पाय मागेपुढे हलवा. टक लागली तर सैल आहे.

प्रश्नकर्ता:
टक नाही. लिव्हर शांत. फोर्क तळाला टेकायला दोन बोटं बाकी होती, झिप टाय तिथेच थांबला. थरथर शेवटपर्यंत सारखीच.

पुण्याहून:
मग मला संशय चाक बसवण्याचा. तेल बदलताना ते निघालंच असणार. आक्सलचे पिंच बोल्ट (फोर्कच्या टोकाशी आक्सल आवळून धरणारे) सैल करा, गाडी जमिनीवर घ्या, पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा दाबा, मग बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. पाय समांतर नसले तर नळ्या अडकतात, फोर्क सरकत नाही आणि सगळा मार टायर खातो. दोन्ही पायांत तेल सारखं आहे ना, तेही बघाच. टायर गरम असताना प्रेशर किती होतं?