आयसीयूत सुरू झालेली ॲसिडिटीची गोळी घरी आल्यावर किती दिवस द्यायची? (मदत हवी आहे)

धायरीकर:
नमस्कार मंडळी. बाबा (वय ६८) दिवाळीच्या आधी न्यूमोनियाने ॲडमिट होते, आयसीयू, व्हेंटिलेटर सगळं झालं, आता देवाच्या कृपेने घरी आहेत आणि सकाळी सोसायटीच्या बागेत दोन चकरा मारतात. प्रश्न गोळीचा आहे. आयसीयूत रोज पँटोप्राझोलचं इंजेक्शन चालू होतं, मी ड्युटीवरच्या डॉक्टरांना विचारलं की बाबांना पोटाचा काही त्रास नाही मग हे कशाला, तर म्हणाले एवढ्या आजारपणाच्या ताणाने जठरात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो, तो होऊ नये म्हणून. पटलं. पण डिस्चार्ज कार्डावर तेच औषध गोळीच्या रूपात, ४० ची, सकाळी अनशापोटी, आणि 'किती दिवस'च्या रकान्यात बाकी सगळ्या औषधांपुढे आकडा, हिच्यापुढे नुसती आडवी रेघ. हॉस्पिटलला फोन केला तर 'ओपीडीला या' एवढंच. केमिस्ट आपला स्ट्रिपवर स्ट्रिप देतोय.

आत्या म्हणते टेन्शन घेतलं नाही तर अल्सर होतच नाही, गोळी बंद कर आणि थंड दूध दे. आई म्हणते एवढ्या दुखण्यातून उठलेत, राहू दे चालू. मी मधल्यामधे. बाबांची जुनी अँजिओप्लास्टी आहे, इकोस्प्रिन ७५ (रक्त पातळ ठेवणारी छोट्या डोसची ॲस्पिरिन) कायमची, शिवाय गुडघे दुखतात. कोणाच्या घरी असं झालंय का? काय केलंत?

रात्रपाळी:
मी आयसीयूत सिस्टर आहे, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा. पेशंट फार सिरियस झाला की शरीर रक्त मेंदूकडे-हृदयाकडे वळवतं, जठराला कमी पोचतं, मग ॲसिडपासून वाचवणारं आतलं चिकट अस्तर टिकत नाही आणि जागोजागी वरवरच्या जखमा होऊन रक्त जायला लागतं. जास्त धोका दोन प्रकारच्या पेशंटना, ४८ तासांच्या वर व्हेंटिलेटरवर असलेले आणि ज्यांचं रक्त नीट गोठत नाही ते. मोठं भाजलेलं, डोक्याला जबर मार, शॉक म्हणजे बीपी एकदम कोसळणं, हेही त्यातच. भाजलेल्या पेशंटमधला अल्सर तर कर्लिंग नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८४२ मध्येच लिहून ठेवलाय. आत्यांना सांगा, हा पूर्ण बेशुद्ध पेशंटलाही होतो, तो कसलं टेन्शन घेणार.

व्हेंटिलेटर निघाला, माणूस तोंडाने जेवायला लागला की ते कारण संपलं, बहुतेकांची गोळी तिथेच थांबायला हवी. पण आयसीयूचा चार्ट वॉर्डात उतरवला जातो, वॉर्डातला डिस्चार्ज कार्डावर, आणि गोळी पेशंटबरोबर घरी जाते. सगळीकडे होतं हे, एका हॉस्पिटलचं नाही.

तरीपण तुमच्या बाबांची गोष्ट वेगळी आहे. वय ६५ च्या वर आणि इकोस्प्रिन. ती छोट्या डोसमध्येसुद्धा जठराला लागू शकते, म्हणून अशा पेशंटना बरेच डॉक्टर ही ॲसिडिटीची गोळी मुद्दाम चालू ठेवतात. मनाने बंद करू नका, आणि इकोस्प्रिनला तर हातच लावू नका. गुडघ्यांसाठी काय घेतात ते?

धायरीकर:
आत्ता जाऊन बघितलं. शर्टाच्या खिशात डायक्लोफिनॅकची स्ट्रिप, अर्धी संपलेली!! म्हणे 'जिने चढायचे असतात तेव्हाच घेतो'. आता आमची लिफ्ट जेवढी चालू तेवढीच बंद असते, म्हणजे बघा.

रात्रपाळी:
आधी ती काढून घ्या. वय, इकोस्प्रिन आणि वर ही पेनकिलर, घरी बसलेल्या माणसाला अल्सर व्हायचा हा अगदी नेहमीचा रस्ता आहे. हृदयाच्या पेशंटला डायक्लोफिनॅक तसंही चालत नाही. पॅरासिटामॉल चालेल का आणि किती, ते डॉक्टरांना विचारा.

सोऱ्या_चकलीचा:
आमच्या सासूबाईंची हीच गोळी कित्येक वर्षं चालू होती, का ते कोणालाच आठवेना. ह्यांनी एक दिवस फटकन बंद केली तर दोन दिवसांत अशी जळजळ की त्या म्हणाल्या बघा, मला लागतेच ती. डॉक्टर म्हणाले की खूप दिवस घेऊन अचानक सोडली की ॲसिड काही दिवस उलट जास्तच बनतं, म्हणून ४० ची २० केली, मग एक दिवसाआड, मग बंद. त्यांचं बी १२ पण कमी निघालं. शाकाहारी माणसाचं तसंही कमी असतं म्हणा, पण वर्षानुवर्षं ही गोळी घेतली तर अजून कमी होऊ शकतं, तेव्हा बाबांचं तपासून घ्या. आणि दुधाचं म्हणाल तर तेवढ्यापुरतं गार वाटतं, थोड्या वेळाने ॲसिड परत वाढतं.

कट्टेकरी:
टेन्शनचा काहीच संबंध नाही असंही नाही हो. १९९५ ला जपानमध्ये कोबेचा भूकंप झाला त्यानंतर तिथे रक्तस्राव होणाऱ्या अल्सरचे पेशंट वाढले होते. पण नेहमीच्या अल्सरची मोठी कारणं दोनच, पेनकिलर आणि एच पायलोरी नावाचा जंतू. तो शोधून काढणाऱ्या मार्शल आणि वॉरनना २००५ चं नोबेल मिळालं. आपल्याकडे तो भरपूर लोकांच्या पोटात असतो, बाबांची टेस्ट करायची का तेही विचारा. श्वासाची किंवा शौचाची तपासणी असते. फक्त ही गोळी चालू असताना टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते, साधारण दोन आठवडे आधी थांबवावी लागते, तीही डॉक्टरांना विचारूनच.

धायरीकर:
सगळ्यांचे आभार. शनिवारी फिजिशियनकडे जातोय, डिस्चार्ज कार्ड आणि सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून. विचारणार आहे की ही गोळी आता नक्की कशासाठी, इकोस्प्रिनमुळे ठेवायची असेल तर ४० च हवी की २० चालेल, आणि बी १२. आत्याला कोबेचं सांगितलं नाही, ती तेवढंच धरून बसेल.

रात्रपाळी:
तोपर्यंत एक लक्ष ठेवा. शी डांबरासारखी काळी चिकट झाली, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, चक्कर येऊन घाम फुटला तर शनिवारची वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टीला न्या, रात्रीचे दोन वाजले असले तरी. लोहाच्या गोळीनेही शी काळी होते, चालू असेल तर तिथे आधी सांगा.