मदत हवी आहे: गाडी ६१ लाखाची, वॉरंटी चालू, अन् आत खुळखुळा वाजून राहिला

राम राम मंडळी. पोस्ट लांब होणार, आधीच माफी मागतो, पण चार महिन्यांपासून डोक्स्याले ताप होऊन राहिला अन् घरी आता कोणी ऐकून घेत नाही म्हणून इथं लिहितो.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, दारव्हा तालुका. शेती, कृषी केंद्र अन् एका जिनिंगमध्ये भागी. दोन वर्षं सात महिने झाले, एका मोठ्या विदेशी कंपनीची डिझेल एसयूव्ही घेतली. वर पूर्ण काचेचं छत, १९ इंची रन-फ्लॅट टायर (हवा गेली तरी चालणारे), ऑन रोड ६१ लाख. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, टाकलं की मूळ प्रश्न राहते बाजूले अन् याची गाडी चांगली का त्याची, हेच सुरू होते. वॉरंटी ३ वर्षांची, म्हणजे पाच महिने उरले. रनिंग ३८ हजार.

आता आवाज. एक नाही, चार आहेत, अन् चारही वेगवेगळ्या टायमाले येतात. छतातून टिक-टिक-चर्र असा येतो, गाडी पांदण रस्त्यावर तिरपी झाली की हमखास. समोर डाव्या चाकाकडून टक-टक, तो फक्त २०-३० च्या स्पीडले अन् खड्ड्यातच, ५० च्या वर गेलं की गायब. डॅशबोर्ड दुपारी करकरते, बाहेर ४४-४५ डिग्री असलं की जास्त, सकाळी सातला एकदम मुकं. अन् चौथा नवीन आहे, फेब्रुवारीपासूनचा: ब्रेक मारला का वळण घेतलं का समोरच्या काचेखाली कुठंतरी सर्रकन खुळखुळ होते, अगदी लेकराच्या खुळखुळ्यासारखं. बाबा मागं बसले होते, म्हणाले, "बाबू, एवढ्या पैशात काय देलं हे, खुळखुळा?" त्यादिवसापासून घरात गाडीचं नावच खुळखुळा पडलं.

वर्कशॉप नागपूरले. आमच्याकडून एका बाजूचे दोनशेच्या आसपास किलोमीटर. चार चकरा झाल्या. पहिल्या वेळी जॉब कार्डवर दोन शब्द, "आवाज येतो", बस. छतात कुठंतरी फेल्ट टेप चिकटवली, आठ दिवस बरं वाटलं, नवव्या दिवशी चर्र. दुसऱ्या वेळी गाडी सहा दिवस ठेवून घेतली, परत दिली तेव्हा मीटर पाहिलं तर एकूण ११ किलोमीटर चालवलेली, अन् तेही कुठं, तर नागपूरच्या सिमेंट रोडवर, जिथं पोटातलं पाणी हलत नाही. तिसऱ्या वेळी लिहून दिलं की तपासणीत काही आढळलं नाही. चौथ्या वेळी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर एकदम गोड आवाजात म्हणे, सर तुमच्याकडचे रोडच तसे आहेत. अरे भाऊ, रोड तसे आहेत म्हणूनच तर उंच गाडी घेतली नं? अन् विकताना तर हीच गाडी नदीतून काढलेली दाखवता.

म्हणजे गोष्ट अशी होऊन राहिली की आवाज येतो आमच्या रस्त्यावर अन् गाडी तपासतात त्यांच्या रस्त्यावर.

बदली गाडी एकदाच भेटली. बाकी वेळी गणेशपेठ बसस्टँडवरून लालपरीनं घरी. बाजूची काच यवतमाळपर्यंत धडधड वाजत होती अन् खरं सांगतो, मी मस्त झोपलो. घरच्या जुन्या बोलेरोचंही तेच, तिच्यात सगळंच वाजते त्यामुळे काहीच वाजत नाही. ह्या गाडीत शांतता एवढी आहे की एक टिक झाली की माणूस पुढच्या टिकेची वाट पाहत बसते.

मागच्या रविवारी मी अन् सौ. मुद्दाम निघालो. मी चालवत होतो, ती मागच्या सीटवर गुडघ्यावर बसून छताच्या कडेले हात दाबत होती. इथं दाबलं, येते का? येते. इथं? येते. मधल्या पट्टीवर, जिथं दोन काचा भेटतात, तिथं तळहात दाबून धरला अन् आवाज बंद. सोडला की सुरू. तीनदा करून पाहिलं. वावरातून येणारा एक जण थांबून पाहूनच राहिला, त्याले वाटलं आमचं भांडण चालू आहे. तर जागा आता माहीत आहे. पण अ‍ॅडव्हायझरले सांगितलं तर त्यानं फक्त मान हलवली.

विचारायचं असं की:
यवतमाळात एक सीट कव्हर अन् अ‍ॅक्सेसरीजवाला आहे, तो म्हणते छत खोलून दोन हजारात आवाज काढून देतो. खोलू द्यावं का, का वॉरंटी जाईल? वॉरंटी वाढवून घ्यावी का, पैसे दीड लाखाच्या घरात सांगतात. रन-फ्लॅट काढून साधे टायर टाकले तर टकटक जाईल का? अन् ग्राहक मंचात जाण्यासारखी ही केस आहे का? गाडी फर्मच्या नावावर आहे, त्यानं काही फरक पडते का? कोणी ह्यातून गेलं असेल तर सांगा जी.

प्रतिसाद, वर्ध्याहून
पऱ्हाटीच्या रस्त्यावर ६१ लाखाची गाडी अन् वरून काचेचं छत! भाऊ, ४५ डिग्रीत काचेखाली बसाचं असन तर गच्चीवर टिनाचं शेड काय वाईट होतं 😄

मूळ लेखक
हसा भाऊ. छताचा पडदा मार्चपासून उघडलाच नाही, हेही खरं आहे.

प्रतिसाद, अमरावतीहून
माझं गॅरेज आहे, २२ वर्षं झाली. पहिले गाडी पूर्ण रिकामी करा. डिक्कीतला जॅक, पाना, डॅशबोर्डच्या खणातले कागद, चष्म्याच्या कप्प्यातला चष्मा, दरवाज्यातली चिल्लर, सगळं. हसू नका, माझ्याकडे आवाजाच्या येणाऱ्या गाड्यांमधून किती तरी चष्मे अन् चिल्लर निघते.

टायरची हवा तपासा, गाडी थंड असताना. किती पाहिजे ते ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवर स्टिकरवर असते. आपल्याकडचे फाट्यावरचे पंक्चरवाले मोठी गाडी दिसली की डोळे मिटून ४० मारतात. रन-फ्लॅटची बाजूची भिंत आधीच कडक, म्हणजे हवा गेली तरी गाडी तिच्यावर उभी राहावी अशीच बनवलेली, त्यात हवा जास्त म्हणजे प्रत्येक गोटा सरळ बॉडीत जाते. साधे टायर टाकले तर गाडी मऊ होईल, पण बहुतेक अशा गाड्यांत स्टेपनी नसते, मग रात्री आर्णी रोडवर पंक्चर झालं की काय कराल ते आधी ठरवा. टकटक त्यानं जाणार नाही. २०-३० ले खड्ड्यात टकटक अन् स्पीडले गायब, हे मला स्टॅबिलायझरच्या लिंकचं वाटते (गाडी कलू नये म्हणून जो आडवा दांडा असते, त्याले चाकाकडं जोडणारा जोड), नाहीतर खालच्या लोअर आर्मचं रबरी बुश किंवा वरचं माउंटिंग. एक चाक खड्ड्यात अन् एक वर असलं की लिंकवर जोर येतो, सैल असली की बोलते. लिंक हा मेकॅनिकल पार्ट आहे, वॉरंटीत मागा. बुशले ते घसाऱ्यात टाकायले पाहतील, पुस्तिका वाचून जा.

छत: थोडं उघडून त्याच पांदणीवर चालवा. आवाज गेला तर कडेच्या रबरचा आहे. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बसते अन् उन्हानं रबर कोरडं पडते. ओल्या फडक्यानं पुसून, वाळवून, सिलिकॉनचं रबर ग्रीस बोटानं एकदम पातळ लावा. गंज काढायचा स्प्रे अन् खोबरेल तेल नको, तेलानं रबर फुगते. तरी नाही गेला तर रेल किंवा काचेची फ्रेम, ते वर्कशॉपचं काम. दोन हजारवाल्याले हात लावू देऊ नका. वॉरंटी अख्खी जाईल असं नाही, पण छताचा विषय निघाला की ते त्याच्याकडेच बोट दाखवतील. डॅशबोर्डचं खरं सांगतो, प्लास्टिक तापलं की पसरते, करकर कमी होईल, पूर्ण जाणार नाही.

अन् जॉब कार्डवर "आवाज येतो" लिहू देऊ नका. "समोर डावीकडे, २५ चा स्पीड, खड्ड्यात, दुपारी" असं लिहवा, वाचा, मग सही करा. मोबाईलवर व्हिडिओ काढा, त्यात स्पीड, बाहेरचं तापमान अन् रस्ता तिन्ही दिसले पाहिजे (चालवणाऱ्यानं काढू नये, वहिनीले द्या मोबाईल). फोरमनले बाजूले बसवा अन् गाडी तुम्ही चालवा, खराब रस्त्यावर. नागपुरातही खराब रस्ते आहेत, शोधायची इच्छा पाहिजे.

प्रतिसाद, नागपूरहून
वकिली करतो. गाडी खराब निघाली की बदलून द्या असा अमेरिकेसारखा वेगळा कायदा आपल्याकडे नाही, जे आहे ते ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये. २०२१ च्या नियमांप्रमाणे दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग. तुमची ५० च्या वर जात असेल तर राज्य आयोग, त्याचं खंडपीठ नागपूरला आहे, मुंबईला जायचं काम नाही. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार करावी लागते.

फर्मच्या नावावर गाडी असली की समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढतो की हा व्यापारी उपयोग आहे, हे ग्राहकच नाहीत. पण २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं कंपनीच्या नावावर, डायरेक्टरच्या वापरासाठी घेतलेल्या गाडीच्या प्रकरणात हा मुद्दा मान्य केला नाही. गाडी घरच्या वापराची आहे एवढं दाखवता आलं पाहिजे. जिनिंगचं पोतं कधी त्यात टाकू नका 🙂

मात्र उत्पादनातच दोष आहे हे सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो, अन् नुसत्या आवाजावर गाडी बदलून मिळणं फार कठीण. दुरुस्ती नीट केली नाही, चार वेळा चकरा मारायला लावल्या, ही सेवेतली त्रुटी दाखवणं त्यापेक्षा सोपं. म्हणून आत्तापासून कागद जमवा. चारही जॉब कार्डच्या प्रती, कंपनीच्या मुख्य ऑफिसला ईमेल (फोन नाही, ईमेल), अन् १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. पुष्कळदा तिथंच मॅनेजरचा फोन येतो. वॉरंटी संपायच्या आत प्रत्येक आवाज लेखी नोंदलेला असू द्या. वाढीव वॉरंटीचं ठरवण्याआधी तिच्यात काय काय वगळलं ते पान वाचा, रबर अन् आतल्या फिटिंगचे आवाज सहसा तिथंच सापडतात.

मूळ लेखक, तीन आठवड्यांनी
अपडेट देतो. अमरावतीचे दादा अन् वकील साहेब, दोघांचे पाय धरायचे राहिले.

हवा तपासली तर चारही चाकांत ४१. स्टिकरवर ३३. फाट्यावरच्याले विचारलं तर म्हणे, "साहेब, महागाची गाडी आहे, कमी कशी भरू?" ३३ केली अन् अर्धी धडधड तिथंच गेली.

छत उघडून पाहिलं, आवाज कमी झाला पण गेला नाही. रबर पुसलं, फडकं काळं झालं, ग्रीस लावलं, चर्र गेलं, टिक-टिक राहिली.

मग ईमेल टाकला, व्हिडिओ जोडले, १९१५ वर नोंद केली. चौथ्या दिवशी त्याच गोड आवाजाचा फोन, सर तुम्ही या, आमचे टेक्निकल हेड स्वतः पाहतील. गेलो. ह्या वेळी फोरमनले बाजूले बसवलं अन् हिंगण्याकडे एका नवीन लेआउटच्या कच्च्या रस्त्यावर नेलं. दुसऱ्याच खड्ड्यात तो म्हणे, "हो, लिंक आहे ही." पाच महिन्यांचं काम दुसऱ्या खड्ड्यात! डावी लिंक वॉरंटीत बदलली, टकटक बंद. छताच्या मधल्या पट्टीवर सौ.चा हात कुठं होता तो व्हिडिओ दाखवला, त्यांनी फोटो काढून कंपनीले पाठवले, पार्ट येईल म्हणाले, जॉब कार्डवर लिहूनही दिलं.

आता खुळखुळा. वायपरखालची प्लास्टिकची जाळी खोलली तर आत तूर. भाऊ, पसाभर तूर, स्वच्छ, वाळलेली, एकही कीड नाही. बाजूले कापसाची गादी केलेली अन् एसीचा फिल्टर अर्धा कुरतडलेला. फेब्रुवारीत तूर काढली तेव्हा गाडी पंधरा दिवस शेडमध्ये पोत्यांच्या बाजूले उभी होती, तेवढ्यात उंदरानं वर्षाची बेगमी करून ठेवली. ब्रेक मारला की ती अख्खी तूर ट्रेमध्ये इकडून तिकडं. फोरमननं कागदाच्या पुडीत बांधून दिली, म्हणे सर तुमचा माल. फिल्टरचं बिल मीच भरलं, उंदीर वॉरंटीत नाही. बाबांले पुडी दाखवली तर त्यांनी चार दाणे तळहातावर घेऊन पाहिले अन् म्हणाले, बियाण्याले चालते.

छताचा पार्ट आला की सहावी चकर. तोवर एक सांगा, वायर कुरतडली नाही हे नशीब समजतो, पण पुढच्या हंगामात गाडी शेडमध्येच उभी राहणार आहे, तर बोनेटमध्ये उंदीर येऊ नये म्हणून तुम्ही लोकं काय करता? तंबाखूची पुडी ठेवून पाहिली, ती पण नेली त्यानं.