मदत हवी आहे: विनिपेगच्या थंडीत दोन्ही गाड्या बंद, बॅटरीचं काय करू?

नमस्कार मंडळी, इकडे आज सकाळपासून उणे ३२ आहे, वारा वेगळाच, आणि आमच्या दोन्ही गाड्यांनी मान टाकलीय. व्हॅनचा ब्लॉक हीटर (इंजिन कोमट ठेवणारा विजेवरचा हीटर) रात्रभर लावलेला होता तरी चावी फिरवली की नुसतं टकटक वाजतं आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होतात. म्हणजे इंजिन कोमट राहिलं पण बॅटरी गारच पडली असणार ना? उतरलेली बॅटरी आतून गोठते आणि तशा बॅटरीला दुसऱ्या गाडीवरून केबलने जंप दिला तर फुटू शकते, म्हणून मी अजून केबल लावलेली नाही.

छोटी गाडी कशीबशी सुरू झाली तर मोठ्याला शाळेत सोडून येताना सिग्नलला बंद पडली, धाकटी मागे सीटवर, बघता बघता काचांना आतून बर्फ धरला, शेवटी तिचे हातमोजे काढून बोटं माझ्या जॅकेटमध्ये धरून बसले. एका भल्या माणसाने घरी सोडलं, देव त्याचं भलं करो. गाडी ओढून नेणारे टोवाले संध्याकाळी येतो म्हणतायत आणि मोठ्याला साडेतीनला आणायचंय, नवरा गावाला गेलाय.

व्हॅनची बॅटरी काढून घरात आणून चार्जरला लावली तर चालेल का, आधी किती वेळ ऊब लागू द्यायची? बॅटरीचं ब्लँकेट कुणी वापरलंय का? आणि छोटीत पेट्रोल अर्धी टाकी होतं, तरी पेट्रोलची लाइन गोठू शकते का? सेंट व्हायटल भागात कुणी मोकळं असेल तर प्लीज मेसेज करा.