बाजार खुला ठेवा म्हणता, मग त्यामागच्या तिजोऱ्यांचं काय?

पांढरकवडेकर (धागा सुरू)

परवा इथे एका सभासदाने लिहिलं, "कापसावरचं आयात शुल्क कायमचं काढा. शेतकऱ्याला स्पर्धेची सवय लागू द्या, गैरप्रकार झाला तर बघायला स्पर्धा आयोग आहेच. बाहेरून येणाऱ्या कारखान्याला सवलत दिली तर ती गुंतवणूक असते, शेतकऱ्याला दिलेली मात्र खिरापत." त्याला दीडशे लोकांनी अंगठे दिले. दोन दिवस डोक्यातून जात नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आपला 2002 चा स्पर्धा कायदा काय बघतो? कलम 3 मध्ये आपसातले करार, कलम 4 मध्ये वर्चस्वाचा गैरवापर, 5 आणि 6 मध्ये कंपन्यांची खरेदी-विलीनीकरणं. एखाद्या कंपनीच्या पाठीमागे कुठल्या सरकारने किती पैसा ओतला, हा प्रश्न त्यात कुठेच नाही. 2017 मध्ये चीन सरकारच्या मालकीच्या केमचायनाने शेतीची औषधं-बियाणं बनवणारी सिंजेंटा कंपनी 43 अब्ज डॉलरला घेतली. आपल्या आयोगाने अटी घालून मंजुरी दिली. बाजारातला हिस्सा तपासला, पैसा कोणाच्या खजिन्यातून आला ते तपासायला त्याच्याकडे कलमच नव्हतं. त्या कंपनीची औषधं आपल्याच कृषी केंद्रांत विकली जातात.

युरोपात दोन्ही बाजूंनी बांध आहे. तिथल्या सरकारांनी आपल्या उद्योगाला परस्पर पैसे देऊ नयेत म्हणून युरोपीय संघाच्या करारातलं कलम 107 जुनंच आहे. आणि जुलै 2023 पासून परदेशी अनुदानांचा वेगळा नियम लागू झाला. मोठी कंपनी विकत घ्यायची किंवा 25 कोटी युरोंच्या वरचं सरकारी कंत्राट भरायचं, तर मागच्या तीन वर्षांत परक्या सरकारांकडून काय काय मिळालं ते आधी सांगावं लागतं. 2024 मध्ये बल्गेरियाच्या रेल्वेगाड्यांच्या निविदेत चीनच्या सीआरआरसी समूहाची चौकशी लागली आणि कंपनीने निविदाच मागे घेतली. नागपूर मेट्रोचे डबे त्याच समूहाचे आहेत. ते घेताना हा प्रश्न आपल्या कायद्याने कोणाला विचारला नाही.

आता कापूस. 19 ऑगस्ट 2025 ला 11 टक्के शुल्क माफ झालं, आधी सप्टेंबरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे आपली पहिली वेचणी घरात येते नेमकं तेव्हा. लांब धाग्याचा हमीभाव 8110, आणि गावात व्यापारी सात हजारांच्या आत मागत होता. त्याच वर्षी अमेरिकेने सरकीसकट कापसाचा संदर्भ भाव पौंडाला 36.7 सेंटवरून 42 सेंट केला. बाजार त्याखाली गेला की फरक सरकार भरतं. ह्याला स्पर्धा म्हणायचं असेल तर पंच कोण ते सांगा. युरोपासारखा कायदा आपल्याकडेही हवा, एवढंच माझं म्हणणं.

बुटीबोरीकर

दादा, मुद्दा जोरात मांडला, पण उलटा तुमच्याच अंगावर येईल. असा कायदा इथे आला तर पहिली धाड कोणावर पडेल? माझ्या कारखान्यावर. मी बुटीबोरीत अकरा वर्षं नोकरी करतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना वीजदरात सवलत आहे, राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत मागास भागाला जास्त परतावा आहे. उद्या पुण्याचा कारखानदार म्हणाला, ही अनुदानं स्पर्धा बिघडवतात, तर? सवलत गेली की माझा कारखाना पुण्याला जाईल आणि मी पोरांना घेऊन कुठे जाऊ? माझे चार चुलतभाऊ चाकणला खोलीत सहा-सहा जण राहतात.

पांढरकवडेकर

युरोपातही मागास भागाला मदत चालते, कलम 107 मध्येच त्याला वाट ठेवलेली आहे. पण आधी कळवावं लागतं, मोजून द्यावी लागते, आणि नियमबाह्य निघाली तर व्याजासह वसूल होते. तुमची सवलत काढा असं मी कुठे म्हटलं? कोणाला किती दिली आणि त्याबदल्यात किती माणसं कामाला लागली, एवढं उघड करा. अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या पीएम मित्र कापडउद्योग पार्कचं भूमिपूजन सप्टेंबर 2024 मध्ये वर्ध्यातून झालं. हजार एकर. तिथे परदेशी कंपनी येवो, मी स्वागताला जाईन. फक्त सवलत खाऊन ती ब्राझीलची रुई वापरणार असेल, तर त्या सवलतीतून माझ्या वावराला काय मिळालं?

हिंगणघाटचा जिनर

भाऊ, अमेरिकेवर राग काढणं सोपं आहे. ब्राझीलला फार अनुदान नाही, तरी त्याची रुई बंदरात स्वस्त पडते. तिथे हेक्टरी उतारा आपल्या चौपट. तिथल्या सरकारी पैशाची चौकशी लावून काय हाती लागणार? आमचा जिन, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, वर्षातले चार महिने चालतो, उरलेले आठ महिने कुलूप. मी शुल्कमाफीच्या विरोधातच आहे, पण कारण खरं सांगा. आपलं बियाणं म्हातारं झालं, बोंडअळी बसली आणि पाणी नाही.

राळेगावची लेक

बियाण्याचं नाव काढलं म्हणून बोलते. माझे मिस्टर गेल्यापासून साडेतीन एकर मीच करते. बीटी बियाण्यातल्या गुणधर्मासाठी कंपनी घेते त्या शुल्कावरून फेब्रुवारी 2016 मध्ये स्पर्धा आयोगाने माहिको-मोन्सँटोची चौकशी लावली तेव्हा आम्हाला वाटलं, चला, कोणीतरी विचारतंय. मग ते प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात अडकलं. 2023 मध्ये न्यायालय म्हणालं, पेटंटचा विषय आहे, आयोगाचा अधिकार नाही. पाकीट स्वस्त झालं ते केंद्राच्या किंमत नियंत्रण आदेशाने, आयोगाने नाही. असलेल्या कायद्याची ही गत. तुम्ही आणखी एक मागता, त्याने माझ्या वेचणीची मजुरी निघेल का?

म्हातारा कास्तकार

राजेहो, तुमी सारे लेकरं आहा. सरकारच्या मक्तेदारीचं तुमाले काय ठाऊक? 1972 पासून 2002 परयंत एकाधिकार कापूस खरेदी होती. कापूस इकाचा तं सरकारलेच, दुसऱ्याले इकला का गुन्हा. आमचा बाप केंद्रावर तीन-तीन रात्री बंडीखाली झोपे. प्रत ठरवनारा गिरेडर आला का पांढराशुभ्र माल कवडीत, म्हंजे हलक्या प्रतीत, टाके. चुकारा पोळ्याले भेटे, तेई टक्केवारी कापून. मंग काय करे माणूस? रातच्याला बंड्या जुपून पैनगंगा उतरून आदिलाबादले. तिकडे भाव जास्त अन् पैसा हातोहात. माया मोठ्या भावाले नदीतच पकडलं, बैलासकट बंडी जप्त. आपलाच कापूस, अन् आपणच चोर. अन् तुमी म्हनता सरकारनं आणखी नजर ठेवावी?

हिंगणघाटचा जिनर

काका, हे अर्धंच झालं. एकाधिकाराच्या आधी व्यापारी काय करत होते ते तुमच्या वडिलांना विचारायला हवं होतं. दांडी मारणं, कडता कापणं, दिवाळीआधी भाव पाडणं. जागतिक भाव पडायचा त्या वर्षी ह्याच योजनेने हमी दिली.

म्हातारा कास्तकार

दिली नं हमी. मंग योजनेचा तोटा हजारो कोटीवर गेला तो कोनं भरला? अन् भाव चढला त्या वर्षी आमाले कोनं दिला? तुमी जिनवाले तवा सरकारचा कापूस पिंजून भाडं घेत होते, म्हनून गोड लागते.

हिंगणघाटचा जिनर

माझ्या आजोबांवर येऊ नका. जिन भाड्याने दिला नसता तर तुमचा कापूस गंजीतच पेटला असता.

बुटीबोरीकर

धागा कशावर होता आणि पोचला कुठे! काका, मक्तेदारी संपून वीस वर्षं उलटली. आजही हमीभावाला सरकारी केंद्राशिवाय तुम्हाला गत्यंतर नाही, आणि तिथे ओलावा बारा टक्क्यांवर गेला की माल परत. एवढं मात्र खरं, की रांग तीच आहे.

वर्धेचा वकील

काकांचा विषय मूळ प्रश्नाला सोडून नाही, उलट तिथेच घेऊन जातो. कायद्याने मिळालेली मक्तेदारी असली तरी गैरवापर तपासता येतो. कलम 19(4) मध्ये तसं लिहिलंच आहे. महानिर्मितीने कोल इंडियाविरुद्ध तक्रार केली होती, कोळशाचा दर्जा आणि एकतर्फी अटींबद्दल. डिसेंबर 2013 मध्ये 1773 कोटींचा दंड झाला, पुढे तो 591 कोटींवर आला. सरकार म्हणत होतं, राष्ट्रीयीकृत कंपनीला हा कायदा लागत नाही. जून 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, लागतो. काकांच्या भावाची बंडी पकडली तेव्हा हा कायदा असता तर केंद्रावरच्या प्रतवारीविरुद्ध दाद मागता आली असती. कलम 4 प्रत्यक्षात 2009 ला लागू झालं.

पण धागाकर्त्यांची गल्लत दाखवतो. आयात मालामागच्या अनुदानावर उपाय आपल्याकडे 1975 पासून आहे. सीमाशुल्क दर कायद्याचं कलम 9, प्रतिकारी शुल्क. परक्या सरकारचं अनुदान आणि इथलं नुकसान दाखवा, तेवढं शुल्क लागतं. नवा युरोपी नियम कंपनीखरेदी आणि निविदांसाठी आहे, कापसाच्या गाठींसाठी नाही. आणि हेही लक्षात घ्या, 2018 मध्ये अमेरिकेनेच जागतिक व्यापार संघटनेत तक्रार मांडली की भारताचा कापूस हमीभाव मर्यादेच्या कितीतरी वर जातो. आपण बोट दाखवलं की समोरूनही येणार.

पांढरकवडेकर

कलम 9 चा मुद्दा मान्य. कंपन्या आणि गाठी मी एकाच दमात बोललो, ते वेगळं ठेवायला हवं. पण वकीलसाहेब, त्या कलमाखाली अर्ज कोण करणार? देशातल्या उत्पादनापैकी किमान 25 टक्के माल ज्यांचा, तेवढ्या उत्पादकांचा पाठिंबा लागतो. पोलादवाल्या चार कंपन्या एका टेबलावर बसल्या की झालं. कापसाचे कास्तकार लाखोंनी, कोणाचं दोन एकर, कोणाचं पाच. आणि संघटित आहे ती सूतगिरण्यांची लॉबी, तिला माल स्वस्तच हवा. ब्राझीलने 2002 मध्ये अमेरिकेच्या कापूस अनुदानावर दावा लावला, 2005 ला अपिलातही जिंकला, आणि 2014 च्या तडजोडीत 30 कोटी डॉलर घेतले. भारत त्याच खटल्यात त्रयस्थ पक्ष म्हणून हजर होता. ब्राझीलचं सरकार शेतकऱ्यासाठी लढलं, आपलं बसून पाहत राहिलं. माझा राग त्याचा आहे.

राळेगावची लेक

मग पंचवीस टक्के गोळा करायचे कशाला? प्रतिकारी शुल्काची चौकशी करणारे केंद्राचे महासंचालक स्वतःहूनही चौकशी सुरू करू शकतात ना, वकीलदादा? राज्याच्या पणन विभागाकडे प्रत्येक बाजार समितीची आवक आणि भाव आहेत. त्यांनी माहिती पुरवावी. माझ्याकडून सातबारा आणि विक्रीच्या पावत्या घ्या, पाहिजे तेवढ्या.

वर्धेचा वकील

करू शकतात, पुरेसा पुरावा समोर आला तर. सहसा करत नाहीत. आणि जिनरभाऊ म्हणतात तसं ब्राझीलच्या मालाविरुद्ध हे चालणार नाही, अमेरिकेपुरतंच बोला.

म्हातारा कास्तकार

अर्ज करा बाप्पा, मी आडवा नाही येत. पन त्यात असं लिहा का आमचा कापूस आमी कोनालेई, कुठंई इकू. ते कलम नसन तं माया अंगठा भेटनार नाही.

पांढरकवडेकर

काका, ते लिहितो. मसुदा रविवारी इथे टाकतो. बुटीबोरीकर, तुमच्या कारखान्याच्या सवलतीला त्यात हात लावलेला नाही.

बुटीबोरीकर

टाका. वाचून मग ठरवतो.